व्यायाम थांबवता येतो का?



ईद झाली की शव्वालच्या दिवसांत घराघरांत बायकांचा एक हिशोब चालतो. कुणाचे किती रोजे सुटले आणि कजा कधी करायचे. आई सहा मोजते, थोरली मुलगी सात. एखाद्या घरात अठरा-एकोणीस वर्षांची धाकटी म्हणते, "माझा एकही सुटला नाही. सगळे पूर्ण झाले." दादी तिच्या डोक्यावरून हात फिरवते, दुआ देते. महिनाभर हिची पाळी का आली नाही, हे मात्र कुणी विचारत नाही.

पाळी एखाद्या वेळी पुढेमागे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण याच मुलीचे बाकीचे वागणे पाहा. वर्षभरापूर्वी एका लग्नात कुणीतरी तिला "जरा वजन कमी कर, आता रिश्ते येतील" असे म्हटले. तिने चालायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांनी शाबासकी दिली. आता ती फजरनंतर गच्चीवर तासभर चालते. मोबाइलवर पावलांचा आकडा पूर्ण झाला नाही, तर रात्री सगळे झोपल्यावर खोलीतल्या खोलीत चालते. इफ्तारला एक खजूर, थोडी काकडी आणि पाणी. "पोट भरले" म्हणत उठते. तरावीह झाली की पुन्हा दोरीच्या उड्या. हे चित्र कोणत्या एका घरचे नाही, पण अशा मुली आपल्या घरांतही आहेत.

व्यायाम चांगला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणूनच तो कधी आजार झाला, हे लवकर ध्यानात येत नाही. सिगारेट ओढणाऱ्याला घर टोकते, चालणाऱ्याचे कौतुक करते. पण डॉक्टरांना ही गोष्ट जुनी आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी 1874 मध्ये अन्न टाळण्याच्या आजारावर लेख लिहिला आणि त्याला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. इतक्या कृश झालेल्या मुली सतत हालचाल कशा करू शकतात, याचे आश्चर्य त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. कमी खाणे आणि व्यायामाची सक्ती या दोन गोष्टी अनेकदा हातात हात घालून येतात.

मग किती व्यायाम म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम आणि 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी एक तास सांगितला आहे. पण आजार ओळखायला केवळ मिनिटे मोजून चालत नाही. एखादी खेळाडू रोज दोन तास धावते, भरपूर जेवते, ताप आला तर झोपून राहते. ती निरोगी असू शकते. दुसरी रोज पाऊण तासच चालते, पण तो चुकला तर दिवसभर जेवत नाही. काळजी हिची करायला हवी. प्रश्न इतकाच की, गरज पडली तर तिला थांबता येते का?

घरच्यांनी या खुणा पाहाव्यात:

ताप असताना, पाय मुरगळलेला असताना किंवा चक्कर येत असतानाही व्यायाम चुकत नाही.

एक दिवस चुकला तर चिडचिड होते, रडू येते, गुन्हा केल्यासारखे वाटते.

आधी व्यायाम, मगच जेवण असा नियम झालेला असतो. जास्त खाल्ले तर ते 'जाळून टाकण्यासाठी' शिक्षा म्हणून व्यायाम होतो.

दावत, लग्न, पाहुणे टाळले जातात, कारण तिथे खावे लागते आणि व्यायामाची वेळ चुकते.

व्यायाम लपून होतो. आरशात आणि वजनकाट्यावर दिवसातून अनेकदा पाहिले जाते.

शरीरही बोलत असते. सतत थंडी वाजते, केस गळतात, झोप लागत नाही, थकवा जात नाही. पाळी लांबते किंवा बंद होते. नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. शरीराला पुरेसे अन्न मिळेनासे झाले की ते खर्च कमी करू लागते आणि पाळीची हार्मोन्स आटतात. त्यातलेच एक, इस्ट्रोजेन, हाडांना बळ देते. हाडे भक्कम होण्याचे वय विशीच्या आसपासचे असते. तेव्हा झालेले नुकसान पुढे पूर्ण भरून येईलच असे नाही. म्हणूनच अशा मुलींच्या हाडांना न पडता, न आपटताही बारीक तडे जातात.

हा केवळ मुलींचा आजार नाही. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी, शरीराला मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा कमी पडली तर पुरुष खेळाडूंनाही अपाय होतो, हे स्पष्टपणे मांडले. आपल्या मोहल्ल्यातल्या जिममध्ये मुलांचे रूप थोडे वेगळे दिसते. दंड भरलेले असूनही मुलाला आपण किडकिडीत आहोत असे वाटते. अम्मीच्या हातचे जेवण बंद होते आणि फक्त उकडलेली अंडी, चिकन आणि डब्यातली पावडर चालते. जिम चुकू नये म्हणून तो नातेवाइकांच्या निकाहलाही जात नाही. काही जण कुणालाही न विचारता स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. "मुलगा कमावतोय शरीर" म्हणून याकडे दुर्लक्ष करू नका.

आता दीनची बाजू पाहू, कारण आजार नेमका तिथेच लपतो. "रोजा आहे" म्हटले की का खात नाहीस, हे कुणी विचारत नाही. कजा झाले, नफिल झाले, सोमवार-गुरुवार झाले. रोजा इबादतीसाठी आहे की न खाण्याची सबब आहे, हे इफ्तारच्या वेळी कळते. रोजेदाराला इफ्तारची ओढ असते. आजारी मुलीला इफ्तारची भीती वाटते. ईदच्या दिवशी तर रोजा ठेवणेच हराम आहे. सबब उरत नाही. त्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी पाहून मुलगी बेचैन होत असेल, तर तिला ओरडू नका. तिच्या मनात काय चालले आहे, ते समजून घ्या.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मस्जिदीत आले, तेव्हा त्यांना दोन खांबांमध्ये बांधलेली दोरी दिसली. चौकशी केल्यावर कळले, ती हजरत जैनब (र.) यांची आहे. नमाज पढताना थकल्या की त्या तिचा आधार घेतात. प्रेषितांनी ती सोडायला सांगितली. उत्साह असेल तोवर नमाज पढावी, थकल्यावर बसावे, असे त्यांनी समजावले. इथे गोष्ट नमाजची आहे, ज्याहून मोठे काम आपल्याकडे नाही. तिथेही शरीर थकले असता त्याला दोरीने उभे ठेवणे पसंत केले गेले नाही. मग पावलांच्या आकड्यासाठी ते कसे चालेल? हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) रोज रोजा ठेवत आणि रात्रभर जागत, तेव्हा त्यांनाही शरीराच्या हक्काची आठवण करून दिली गेली. कुरआनच्या सूरह बकरहमध्ये आजारी माणसाला रोजात सवलत दिली आहे. आजार मनाचा आणि अन्नाचा असला तरी तो आजारच. आधी डॉक्टरांचे मत घ्या, ते घेऊन आलिमांकडे जा आणि रोजाबद्दल विचारा. सवलत घेणारी मुलगी कमी दीनदार ठरत नाही, हे घरातल्या मोठ्यांनी तिला स्वतः सांगावे.

घरी काय करायचे? जेवणाच्या दस्तरख्वानवर हा विषय काढू नका. एकांतात बसा. "किती वाळलीस" किंवा "आता छान दिसतेस" यातले काहीच म्हणू नका. दोन्ही वाक्ये पुन्हा वजनाकडेच नेतात. एवढेच म्हणा, "बेटा, तू दमलेली दिसतेस. मला काळजी वाटते. आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ." ती नाकारेल, चिडेल. धीर धरा आणि पुन्हा विचारा. तिचे बूट लपवणे, दार लावून कोंडणे यांनी आजार आणखी लपतो.

डॉक्टरांना पाळी, जेवण आणि व्यायाम, तिन्ही सांगा. एकच सांगितले तर चित्र अपुरे राहते. नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्तातले पोटॅशियम तपासले जाते. रिपोर्ट चांगले आले म्हणून निश्चिंत होऊ नका, आजार असूनही ते चांगले येऊ शकतात. वजन ठीक असतानाही हा आजार असू शकतो. पुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांची गरज लागते. सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात ही सोय कमी खर्चात होते. 14416 या टेली-मानस क्रमांकावर कुणालाही मोफत बोलता येते. मुलगी लहान असेल, तर आईवडिलांना सोबत घेऊन केलेल्या उपचारांचा चांगला उपयोग होतो. व्यायाम कायमचा बंद होत नाही. शरीर भरून आले की डॉक्टर तो हळूहळू सुरू करू देतात.

दोन गोष्टी विसरू नका. मुलगी बेशुद्ध पडली, छातीत धडधडले, नाडी फार मंद झाली किंवा बसलेली असताना आधाराशिवाय उठता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि फार कृश झालेल्या, अनेक दिवस नीट न खाल्लेल्या मुलीला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. त्याने रक्तातले क्षार अचानक घसरून जिवाला धोका होतो. आहार कसा वाढवायचा, ते डॉक्टर ठरवतील.

यंदा शव्वालमध्ये सुटलेल्या रोजांचा हिशोब होईल, तेव्हा "एकही सुटला नाही" म्हणणाऱ्या मुलीला दुआ जरूर द्या. मग जवळ बसवून हळूच विचारा, "बेटा, पाळी वेळेवर येते ना? जेवण जाते ना?" शरीर अल्लाहची अमानत आहे. तिचे शरीर सांभाळायला तिला मदत करणे, ही आपल्याकडे असलेली अमानत आहे.