दत्तकाला वगळून वंशावळ कसली?

युरोपबाहेरच्या राजघराण्यांचे वंशावळींचे ग्रंथ हे संदर्भग्रंथ म्हणवून घ्यायच्या लायकीचेच नाहीत, असे सांगणारा एक लेख नुकताच वाचनात आला. लेखकाचे म्हणणे असे की, खरी वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते, जन्माच्या आणि विवाहाच्या नोंदींनी सिद्ध होते, आणि तिचा नमुना पाहायचा तर १७६३ पासून १९४४ पर्यंत निघालेला ‘आल्मनाख द गोथा’ पाहावा. आपल्याकडे मूळपुरुष सूर्य नाहीतर चंद्र, मध्ये भाटांची कवने आणि पुढे दर दोन पिढ्यांनी दत्तक. म्हणजे साखळी तुटलेलीच. तेव्हा असे ग्रंथ काढूच नयेत. काढलेच तर दत्तकांना ‘मूळ वंशाबाहेर’ म्हणून परिशिष्टात टाकावे. शिवाय १९७१ नंतर राजे उरले नाहीत, मग हा खटाटोप कोणासाठी?

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढतो. सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द केले; त्यांचा इतिहास रद्द केला नाही.

सूर्य-चंद्राचेही तसेच. इंग्लंडातल्या जुन्या सॅक्सन राजांनी आपली परंपरा वोडेन देवापर्यंत नेली होती, म्हणून त्यांच्या वंशावळी कोणी रद्दीत घातल्या नाहीत. दावा हा दावा म्हणून छापावा आणि तो पहिल्यांदा कोणत्या कागदात आला ते शेजारी लिहावे. भोसल्यांच्या सिसोदिया मुळाचा वाद आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चिघळला तो हे पथ्य न पाळल्यामुळे. एका बाजूने दावा सिद्ध धरून छापला, दुसरीने खोटा ठरवून गाळला, आणि १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी त्याला एवढे महत्त्व का आले, हे कळायची सोय वंशावळ उघडणाऱ्या वाचकाला राहिली नाही. त्या वादात आता पुन्हा शिरत नाही.

मला संताप आला तो दत्तकांच्या परिशिष्टाचा. कोल्हापूरच्या गादीचेच पाहा. १८६६ मध्ये शिवाजी महाराज ऊर्फ बाबासाहेब वारले. त्यांनी बहिणीचा मुलगा, पाटणकरांचा नागोजीराव, दत्तक घेतला होता. तो राजाराम महाराज झाला आणि युरोपच्या प्रवासात १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारला. १८७१ मध्ये चौथे शिवाजी दत्तक आले. ते १८८३ मध्ये अहमदनगरला वारले. १८८४ मध्ये त्यांच्या राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक घेतला. तेच राजर्षी शाहू. अठरा वर्षांत तीन दत्तक, आणि गादी एक दिवस परक्या घराण्याची झाली असे कोल्हापुरात कोणाला वाटले नाही. या लेखकाच्या नियमाने मात्र शाहू महाराज परिशिष्टात जातील. त्यांच्यामागोमाग सयाजीराव गायकवाडही जातील, कारण नाशिककडच्या कवळाण्याच्या गोपाळरावाला जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतले होते. ज्या वंशावळीत या दोघांना जागा नाही, ती घेऊन अभ्यासकाने करायचे काय?

दत्तकामुळे पुरावा दुबळा होतो, हे तर साफ उलटे आहे. वाड्यातल्या जन्माला साक्षीदार किती? सुईण आणि घरच्या चार बायका. दत्तविधान होते ते भरल्या घरात, पुरोहितासमोर, भाऊबंद आणि सरदार बसलेले असताना. मुलाचे नाव बदलते, गोत्र बदलते, श्राद्धाचा अधिकार बदलतो, आणि या सगळ्याचा कागद होतो. इंग्रजी अमलात त्यावर रेसिडेंटचा पत्रव्यवहार चढतो. औरस मुलाच्या जन्मामागे एवढी कागदपत्रे क्वचितच सापडतील.

आणि रक्ताची ही अट कोणाची, याचा विचार लेखकाने केलेला दिसत नाही. दत्तक मुलगा खासगी मालमत्तेचा वारस होईल, गादीचा होणार नाही, असे डलहौसी म्हणाला. १८४८ मध्ये साताऱ्याच्या शहाजीराजांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, मरणापूर्वी घेतलेला दत्तक कंपनीने मानला नाही. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दामोदररावाला दत्तक घेतले. तोही मानला नाही. पाठोपाठ नागपूर गेले. १८५७ चा फटका खाल्ल्यावर इंग्रज सरकारने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देऊन हा हक्क कबूल केला. ज्यांनी ही अट लादली, त्यांनीच ती सोडून दिली; आणि आमचा हा मराठी लेखक आज ती शास्त्र म्हणून आम्हाला शिकवतो आहे! याची चीड येऊ नये तर कशाची यावी?

तंजावरला बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर भोसल्यांचा वंशवृत्तांत मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. तमिळ मुलखातल्या दगडावर ओळीमागून ओळ मराठी अक्षर चालले आहे. तो कोरवून घेणारे सरफोजी राजे स्वतः तुळजाराजांचे दत्तक पुत्र. १७८७ मध्ये पंडितांचे मत घेऊन कंपनीने त्यांचे दत्तविधान अवैध ठरवले आणि अमरसिंगांना गादी दिली; पुढे पुन्हा पंडितांनाच विचारून तेच दत्तविधान वैध ठरवले आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. इतके सोसलेल्या दत्तकाने आपल्या घराण्याची परंपरा दगडात लिहून ठेवली. तिला संदर्भसाधन म्हणायचे नाही, असे हा लेखक म्हणतो.

त्रावणकोरात तर राजाचा मुलगा गादीवर येतच नसे. वारसा बहिणीच्या मुलाकडे जाई. वंशात मुली नसल्या की मुलीच दत्तक घेत. १९०० मध्ये अशा दोन मुली दत्तक आल्या आणि त्यांतल्या सेतू पार्वती बाईंचा मुलगा चित्तिरा तिरुनाळ महाराजा झाला. तिथे गोथाचा साचा वापरला तर राज्य न मिळालेल्या मुलांची वंशावळ हाती येईल. उस्मानी सुलतानांतही १६१७ पासून भावाकडे किंवा घराण्यातल्या वडील पुरुषाकडे गादी जाऊ लागली होती. देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये, दोन्हींना पंधरा तोफांची सलामी. तिथे कोणाला उपशाखा म्हणणार?

मग ग्रंथ कसा हवा? ज्या घराण्याचा वारसा ज्या नियमाने चालला, त्या नियमाने त्याची मांडणी हवी. दत्तक माणसाची नोंद दोन्हीकडे हवी, जन्मघरी आणि दत्तकघरी. मुलींना ‘अमुक घराण्यात दिली’ एवढ्या शब्दांत वाटेला लावू नये. शाहू महाराजांची मुलगी अक्कासाहेब देवासच्या थोरल्या पातीत दिली होती. तिचा मुलगा विक्रमसिंहराव देवासचा राजा असतानाच १९४७ मध्ये कोल्हापुरात दत्तक आला आणि शहाजी छत्रपती झाला. मुलींची रेघ पुसली की परक्या गावचा एक राजा उगाच कोल्हापूरला आलेला दिसतो. रेघ राखली की शाहू महाराजांचा नातू आजोळच्या गादीवर बसलेला दिसतो. लेकावळ्यांचीही नावे हवीत, लाज न बाळगता. आणि प्रत्येक नोंदीपुढे आधार हवा: सनद, महजर, इनाम कमिशनपुढची कैफियत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी, बखर की तोंडी माहिती.

बर्कच्या जागतिक राजघराण्यांच्या मालिकेत १९७७ मध्ये युरोप आणि लॅटिन अमेरिकेचा खंड आला, १९८० मध्ये आफ्रिका आणि मध्यपूर्वेचा. आशियाचा खंड निघालाच नाही. त्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. पुण्याचे पेशवे दफ्तर, कोल्हापूरचे दफ्तर आणि तंजावरच्या सरस्वती महालातले मोडी कागद उपलब्ध आहेत. मोडी वाचणारी माणसे आहेत तोवर मराठी घराण्यांपुरता एक खंड मराठीतच सुरू करावा, आणि त्यात कोल्हापूरच्या पानावर शाहू महाराजांचे नाव गादीच्या सरळ रेघेत छापावे.