कासवांचा राखणदार कोण?

समुद्रकासवे वाचवायची असतील तर आधी गरिबाला किनाऱ्यावरून हटवा, असे सांगणाऱ्या शहाण्यांची वाण नाही. हे शहाणपण आम्हांला मान्य नाही. ते अन्यायाचे आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. पुरावा हवा असेल त्यांनी पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांकडे पाहावे.

तेथील आर्नावन नावाच्या चिमुकल्या बेटांवर, ससाण्यासारख्या चोचीचे हॉक्सबिल कासव अंडी घालते. त्याच्या देखण्या कवचाच्या व्यापारापायी सुमारे दीडशे वर्षे त्याची कत्तल झाली. जपानने या कवचाची आयात थांबविली ती १९९२ च्या अखेरीस. हौस दूरच्या श्रीमंतांची, ठपका मात्र गरीब शिकाऱ्यावर! याला न्याय म्हणावे काय?

सरकारने त्याआधीच ही बेटे राखीव केली होती. परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर हक्क सांगणाऱ्यांना विश्वासात घेतले नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी संतप्त लोकांनी तेथील सरकारी इमारत जाळली. जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही. पण ज्याचे अंगण, त्यालाच न विचारता घातलेले कुंपण टिकत नाही, हे त्या राखेने शिकविले.

पुढे किया, वागिना व काटुपिका या तीन समाजांशी बोलणी झाली. वागिनाचे लोक तर १९६० च्या दशकात ब्रिटिश अमदानीत गिल्बर्ट वंशाचे म्हणून बाहेरून आणून वसविलेले. तरीही त्यांना परके मानून वगळले नाही. १९९५ मध्ये संरक्षित क्षेत्र स्थापन झाले. रखवालदार याच गावांचे, कारभारातही त्यांचा वाटा. त्यांनी केवळ कासवांवरच नव्हे, तर त्या क्षेत्रातील शंख-शिंपले व समुद्रकाकडी यांच्या कमाईवरही पाणी सोडले. २०१२ पर्यंत घरट्यांची संख्या दुप्पट झाली. २०१७ मध्ये हे क्षेत्र देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. तिन्ही गावांच्या नावांतील आद्याक्षरे जोडून 'कावाकी' हा स्त्रियांचा गटही उभा राहिला.

"चोरटी शिकार थांबली का?" असे कोणी विचारील. पूर्णपणे नाही. परंतु चोर सापडतो म्हणून गावालाच चोर ठरविणे हा कोणता न्याय? हॉक्सबिल वयात येण्यास दोन-तीन दशके लागतात. आज वाळूतून निघालेले पिल्लू अंडी घालण्यास परतेल तेव्हा आजचा अधिकारी निवृत्त झालेला असेल, मदतनिधीची मुदत संपलेली असेल. किनाऱ्यावर उरेल ते गावच. एवढा धीर केवळ गावापाशी असतो. मात्र उपाशी पोटी तोही सुटतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गावाला आधी विचारा, कारभारात बसवा आणि रखवालीचे वेतन नियमित द्या. सृष्टी सर्वांची असेल, तर तिच्या राखणीचा खर्चही सर्वांचा. टाळ्या आपल्या आणि उपवास त्यांचा, याला आम्ही निसर्गप्रेम म्हणणार नाही.