रसद नसलेला किल्ला

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या पोराला कोल्हापुरात शाबासकी मिळते, मंडळाचं बक्षीसही मिळतं. तेच पोर संगणकावर किल्ला राखायला बसलं, की शिव्या खातं. अंगणातल्या किल्ल्यावरचे मावळे जागचे हलत नाहीत आणि पडद्यावरचा शत्रू चालून येतो, एवढ्या फरकावर एकाला संस्कृती आणि दुसऱ्याला व्यसन म्हणणं मला पटत नाही. पण या पडद्यावरच्या किल्ल्याची बाजू घेणारे जे बोलतात, तेही पटत नाही. म्हणून दोन्हीकडच्या मंडळींशी भांडावं लागतंय.

वादासाठी एकच खेळ घेतो, म्हणजे हवेत बोलणं नको. 'ऑर्क्स मस्ट डाय'. टेक्सासमधल्या रोबॉट एंटरटेनमेंट या कंपनीनं तो 2011 मध्ये काढला. तेव्हा तो एकट्यानं खेळायचा होता. 2012 च्या दुसऱ्या भागात जादूगाराच्या जोडीला जादूगारीण आली, दोघांना एकत्र खेळता येऊ लागलं आणि खेळ खऱ्या अर्थानं उभा राहिला. एका गढीत चमकतं दार असतं. ऑर्क नावाचे राक्षस लाटेलाटेनं त्या दाराकडे धावतात. आत शिरणाऱ्या प्रत्येकामागे गुण कमी होतात. शून्य झाले की हरलात. लाट यायच्या आधी जमिनीत खिळे, भिंतीत बाण, छताला झुलती गदा, वाटेवर डांबर अशी मांडामांड करायची आणि लाट आली की धनुष्य घेऊन स्वतःही भिडायचं. लढाई आणि डागडुजी आलटूनपालटून करण्याची ही कल्पना जुनीच आहे. अटारीच्या 1990 मधल्या 'रॅम्पार्ट'मध्ये तोफांचा मारा थांबला, की पुढच्या माऱ्याआधी घाईघाईनं तट सांधावा लागे.

पहिला आक्षेप असा, की यात डोकं लागत नाही, नुसती बटणं बडवायची. हा आक्षेप घेणाऱ्यानं खेळ पाहिला असेल, पण मांडलेला नसतो. सापळे विकत घ्यावे लागतात आणि नाणी कायम कमी पडतात. एकदा उडालेला सापळा पुन्हा सज्ज व्हायला वेळ घेतो, त्यामुळे चांगला सापळासुद्धा चुकीच्या जागी लावला तर पहिले चार ऑर्क मारतो आणि पुढच्या दहांना सोडतो. डांबर एकट्यानं कुणाला मारत नाही. पण बाणांच्या भिंतीसमोर पसरलं, की ऑर्क तिथे रेंगाळतो आणि तीच भिंत दुप्पट कामाची होते. जमिनीतून उसळणारी फरशी मोकळ्या दालनात जवळजवळ वाया जाते, कड्याच्या तोंडाशी मात्र तिच्याइतकं स्वस्त हत्यार नाही. अडथळे उभारून दोन वाटांची एक करायची, तर ती किती अरुंद करायची हे ठरवावं लागतं; पुरतीच बंद केली तर ऑर्क अडथळाच फोडतात. खेळाडूला आकाराचा, वेळेचा आणि पैशाचा हिशोब एकाच वेळी करावा लागतो. गणिताच्या तासाला जांभया देणारी पोरं हा हिशोब तोंडी करतात. यावर शिक्षकांनी चिडण्यापेक्षा थोडं कुतूहल दाखवावं.

दुसरा आक्षेप एकलकोंडेपणाचा. मूल खोलीत कोंडून घेतं, कुणाशी बोलत नाही. इतर खेळांबद्दल हे खरं असेल, पण हा खेळ गप्प बसून दोघांनी खेळून दाखवावा. गढीला दोन वाटा असल्या की एकानं वरची, एकानं खालची धरायची. मग दाराबाहेर उभ्या आईला ऐकू येतं ते असं: "दादा, डावीकडनं आल्यात!" "तू डांबर वत, मी वरचं बघतो." "माझ्याकडं नाणी न्हाईत." "मग आधी सांगायचं न्हाईस व्हय रं?" या शेवटच्या वाक्यात खेळाची सगळी किंमत आहे. लाट सुटायच्या आधीच्या शांततेत दोघांनी काय बोलायला हवं होतं आणि काय राहून गेलं, हे लाट लगेच, कुणाचीही भीड न ठेवता दाखवते. तालमीच्या फुटबॉलवर वाढलेल्या या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मैदान अर्थातच श्रेष्ठ. पण रात्री नऊ वाजता, जुलैच्या झडीत, शाहू स्टेडियम कुणासाठी उघडं असतं?

हिंसेच्या आक्षेपावर फार शाई खर्च करत नाही. ऑर्क इथे व्यंगचित्रासारखे उडतात, जादूगार टवाळी करतो आणि हे सगळं खरं मानावं असा आग्रह खेळच धरत नाही. उरतो पैसा. इथे पालकांच्या बोलण्यात सगळेच खेळ 'पबजी' होतात आणि पबजी जुगारात जाऊन मिसळतो. 2025 च्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स वेगळे काढले. संसदेला जी रेघ दिसली ती आपल्याला घरात दिसायला हरकत नसावी. या मालिकेचा दुसरा भाग एकदा विकत घ्यायचा खेळ आहे, त्यात पैज नाही.

इथपर्यंत मी वकील होतो. आता ज्यांनी मला वकीलपत्र दिलं, त्यांच्याकडे वळतो.

खेळाचे भक्त सांगतात, की या खेळातून गनिमी कावा कळतो, किल्ला कसा झुंजवायचा ते कळतं. कोल्हापुरात बसून हे बोलणं धाडसाचं आहे, कारण पन्हाळा इथून वीसेक किलोमीटरवर आहे. मार्च 1660 मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला आणि तो जुलैपर्यंत बसून राहिला. धावून आला नाही, बसला. वेढ्याचं मुख्य शस्त्र हेच. आतल्यांचं धान्य संपेल, धीर संपेल, बाहेरून मदत येणार नाही याची व्यवस्था करायची आणि थांबायचं. बाहेरून नेताजी पालकरांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो साधला नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ घेऊन जौहरच्या मदतीला आले आणि त्यांनी आपलं निशाणही तिथे फडकवलं. अखेर तहाच्या बोलण्यांनी वेढा सैल झाला आणि आषाढी पौर्णिमेच्या पावसात शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. शिवा काशिदांचं सोंग आणि घोडखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू या त्याच रात्रीच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या गोष्टी.

आता यातलं खेळात काय आहे ते शोधा. खिंड आहे, अरुंद जागी थोड्यांनी पुष्कळांना अडवायचं हे सूत्र खेळानं नेमकं पकडलंय, हे मान्य. कावा मात्र नाही. शत्रू कुठून येणार हे आधीच दिसतं. पाचव्या लाटेतला ऑर्क पहिल्या लाटेत मेलेल्या भावांकडून काहीही शिकलेला नसतो. त्याच वाटेनं येतो, त्याच खिळ्यांवर पाय देतो. दार सोडून थेट खेळाडूच्या मागे लागणारे नोल अधूनमधून येतात तेव्हा जरा जाग येते, पण त्यांचाही स्वभाव ठरलेला. जौहर फसला, कारण तो थकला होता, त्याला तह हवा होता, पहाऱ्याचा कंटाळा त्याच्या माणसांनाही आला होता. ज्याला कंटाळा येत नाही, आशा वाटत नाही, अशा शत्रूशी कसला कावा करणार? आणि बाजीप्रभूंचं नाव तर इथे घेऊच नये. मेलेला जादूगार थोड्याच वेळात दाराशी पुन्हा उभा राहतो. खेळात तसं असायलाच हवं, नाहीतर दुसऱ्यांदा कोण खेळेल; पण मग त्याला बलिदानाची शिकवण म्हणू नका.

याहून मोठी उणीव पोटाची आहे. या गढीत कुणी जेवत नाही. पन्हाळ्यावर अंबरखाना आहे, गंगा, यमुना, सरस्वती नावांच्या प्रचंड कोठ्यांचा. अंधारबाव आहे, वरून साधी इमारत, आत पाण्याची विहीर, म्हणजे शत्रूला पाणी नासवता येऊ नये. शाळेच्या सहली तीन दरवाजापाशी फोटो काढून परततात आणि धान्याच्या कोठ्यांसमोर कंटाळतात, तेव्हा किल्ला म्हणजे दार आणि तट एवढीच समजूत पक्की होते. खेळ नेमकी तीच समजूत घोटून घेतो. रसद म्हणजे काय, ते या शहरानं ऑगस्ट 2019 मध्ये अंगावर घेतलंय. पंचगंगेचं पाणी शिरोलीपाशी महामार्गावर चढलं, कित्येक दिवस रस्ता बंद राहिला. पेट्रोल मिळेना, दूध-भाजीची ओढाताण झाली, उपसा केंद्रं बुडाल्यामुळे चोहीकडे पाणी असून नळ कोरडे. कुणी तट चढून आलं नव्हतं, तरी शहर वेढ्यात होतं. त्या दिवसांत पेठापेठांतून पोरांनी जे केलं, म्हणजे कुठल्या गल्लीत किती म्हातारी माणसं आहेत, होडी आधी कुठे न्यायची, कुणाकडे किती डबे पोचले, ते खरं सहकारी बचावाचं काम. त्याला खेळाचं रूप देता येणार नाही असं मला मुळीच वाटत नाही.

'ऑर्क्स'च्या कर्त्यांना तर हे नक्कीच जमलं असतं. रोबॉट एंटरटेनमेंट 2009 मध्ये उभी राहिली ती बंद पडलेल्या एन्सेम्बल स्टुडिओमधल्या माणसांनी. एन्सेम्बल म्हणजे 1997 मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स' करणारी मंडळी. त्या खेळात अन्न नसेल तर साधा शिपाईसुद्धा तयार होत नाही. शिकार करा, झुडपांवरची फळं तोडा, शेत लावा, मग सैन्याच्या गप्पा. म्हणजे रसदीचा खेळ कसा करायचा हे यांना चांगलंच माहीत होतं आणि त्यांनी ती जाणूनबुजून काढून टाकली. कारणही समजतं. पंधरा-वीस मिनिटांत झटापट संपवायची, तर शेती कुठे करणार? दुसऱ्या भागापुरती ही काटछाट मी चालवून घेतो. पण तिसऱ्या भागात शेकडो ऑर्कांच्या फौजा उघड्या मैदानात आणल्या, मोठमोठी यंत्रं दिली, लढाई एवढी फुगवली आणि तरी आतल्यांच्या पोटाचा प्रश्न आला नाही. तिथे नुसती गर्दी वाढली.

जोडीच्या खेळात आणखी दोन दुखणी आहेत, तीही भक्त लपवतात. जिंकलेल्या कवट्या खर्चून सापळे बळकट करता येतात, त्यामुळे मुरलेल्या गड्यासोबत नवा बसला, की नव्याला काम उरत नाही. थोरला भाऊ सगळी गढी सजवतो, धाकटा हातात धनुष्य घेऊन फिरत राहतो. नावाला दोघं, खेळणारा एक. दुसरं दुखणं आपल्या घरांच्या फार जवळचं. मे महिन्यात मामाच्या घरी पाच भावंडं जमतात आणि संगणक एक असतो. दुसऱ्या भागात एकाच पडद्याचे दोन भाग करून खेळायची सोयच नाही. दोन यंत्रं आणि जोडणी हवीच. 2011 मध्येच आलेल्या 'डंजन डिफेंडर्स'नं पडद्याचे तुकडे करून एका खोलीत चौघांना खेळवलं होतं, तेव्हा हे अशक्य होतं असं कुणी सांगू नये. शेजारी बसलेल्या भावाला वगळून दूरच्या मित्राला दार उघडणारा सहकार माझ्या लेखी अर्धा आहे. 2025 च्या जानेवारीत आलेल्या याच मालिकेतल्या 'डेथट्रॅप'मध्ये चौघं खेळू शकतात. माझ्या मते हे दोनानं जास्त झालं. दोघांत गप्प राहिलेला लगेच पकडला जातो, चौघांत तो आरामात लपतो.

आणि कंपनी. या मालिकेचा 'अनचेन्ड' नावाचा एक फुकट भाग होता. एप्रिल 2019 मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले आणि खेळ संपला. कुणाची कितीही मेहनत असो, उघडायला काही उरलं नाही. तिसरा भाग 2020 मध्ये आधी गुगलच्या स्टेडिया या ऑनलाइन खेळसेवेवरच आला. तो वर्षभरानं संगणकावर आला म्हणून वाचला, कारण जानेवारी 2023 मध्ये स्टेडियाच बंद पडलं. व्यसन आणि हिंसा यांवर घसा कोरडा करणाऱ्या पालकांनी हा प्रश्न कधी विचारलेला मी ऐकला नाही, की पोरानं रात्री जागून राखलेल्या किल्ल्याची मालकी नक्की कुणाची? उत्तर 'अनचेन्ड'नं दिलंय. 'अनचेन्ड' बंद होताना बक्षिसं, पातळ्या, पोशाख सगळं गेलं, आणि दुसरा भाग ज्यांनी विकत घेऊन ठेवला होता ते त्याच संध्याकाळी तो उघडून खेळत बसू शकत होते. घरात खेळ घ्यायचाच असेल तर हा दुसरा भाग घ्या, आणि पहिल्या दिवशी थोरल्याच्या वाट्याच्या कवट्या धाकट्याइतक्याच ठेवा.