बिल शून्य, मोटार जुनी! वीजबचतीचे धोरण आष्ट्याच्या विहिरीवर का अडते?

वाळवा तालुक्यातील आष्टा परिसरात ऊस म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे मोटार. घरासाठी पंखा घेताना त्यावरचे तारे पाहिले जातात. उसाला पाणी देणारी मोटार जळाली, की मात्र ती रिवायंडिंग करून पुन्हा बसवली जाते. ती वीज किती खाते, हा प्रश्न सहसा निघत नाही. कारण साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाचे बिल सध्या शून्य आहे. देशाचे ऊर्जा कार्यक्षमता धोरण यशस्वी झाले का, याची खरी परीक्षा इथेच आहे.

धोरण काय आहे?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये आला. त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो (बीईई) स्थापन झाला. २००६ पासून उपकरणांवर तारे दिसू लागले. २०१२ मध्ये मोठ्या उद्योगांसाठी 'पॅट' योजना सुरू झाली. पहिल्या फेरीत ४७८ कारखान्यांना बचतीचे उद्दिष्ट दिले गेले. २०१५ च्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले.

या योजनांमागे एक समान सूत्र आहे. बिल भरणारा आणि बचतीचा फायदा घेणारा एकच असतो. बल्ब बदलला की बिल कमी होते, म्हणून लोक बल्ब बदलतात.

शेतात हे सूत्र का तुटते?

राज्याने एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर केली. योजनेच्या वेळच्या सरकारी आकड्यांनुसार राज्यात ४७.४१ लाख कृषिपंप ग्राहक होते आणि त्यांचा वार्षिक वापर ३९,२४६ दशलक्ष युनिट होता. सरकारवरचा वार्षिक भार १४,७६० कोटी रुपये सांगितला गेला.

शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे खरेच. पण चांगल्या पंपासाठी जादा पैसे मोजायचे शेतकऱ्याने आणि वाचणारा पैसा सरकारचा, अशी स्थिती झाली. त्यात कृषिपंपांसाठी स्टार लेबल ऐच्छिक आहे. रात्रीची वीज आणि कमी व्होल्टेज असेल तर शेतकरी गरजेपेक्षा मोठी मोटार घेतो. त्यात त्याची चूक नाही. पीक वाचवायचे असते.

पंप बदलून खरेच फरक पडतो?

पडतो. जुना पंपसंच ३० टक्के आणि नवा ४५ टक्के कार्यक्षम धरला, तर तेवढ्याच पाण्याला एक तृतीयांश वीज कमी लागते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्यात बीईईचा देशातील पहिला पथदर्शी प्रकल्प झाला. तिथे २,२०९ पंप बदलले आणि वर्षाला सुमारे ६१ लाख युनिट बचत नोंदवली गेली. म्हणजे पंपामागे साधारण २,७५० युनिट. गुंतवणूक बाहेरच्या कंपनीची आणि तिची वसुली वाचलेल्या विजेतून, असे या योजनेचे गणित होते.

राज्यभर केवळ दहा टक्के बचत झाली, तरी ती वर्षाला सुमारे ३९० कोटी युनिट होईल.

मग मूल्यमापन अवघड का?

पहिली अडचण मीटरची. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने मांडला जातो. मूळ वापरच नक्की नसेल, तर बचत कशातून वजा करणार?

दुसरी अडचण तुलनेची. धोरण नसते तर काय झाले असते, हे पाहावे लागते. एलईडी तसेही स्वस्त होत होते. त्यामुळे सगळी बचत योजनेच्या नावावर टाकता येत नाही.

तिसरी अडचण पाण्याची. पंप चांगला झाला की त्याच तासांत जास्त पाणी उपसले जाते. मग विजेची बचत कागदावर राहते आणि जमीन मात्र बिघडते. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. सौर पंपाने दिवसा पाणी मिळते, ही मोठी सोय आहे. पण तिथेही जादा पाणी उपसायला वेगळा खर्च येत नाही.

मार्ग काय?

पंजाबने २०१८ मध्ये वेगळा प्रयोग सुरू केला. मोफत वीज कायम ठेवली, फिडरनुसार वापराची मर्यादा ठरवली आणि वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला चार रुपये दिले. त्यासाठी मीटर बसवले, पण बिल पाठवले नाही.

आष्ट्यासारख्या भागात याच धर्तीवर तीन गोष्टी करता येतील. रोहित्रावर मीटर बसवून खरा वापर मोजणे, सरकारी मदतीच्या पंपाला तारांकित असण्याची अट घालणे आणि पंपबदलाला ठिबकची जोड देणे. बचतीतला वाटा शेतकऱ्याच्या खात्यात आला, तर मोटार रिवायंडिंगला देण्याआधी तो नक्कीच एकदा हिशेब करेल.