शोभेच्या ताडांचे नाव आणि बागेचे हित

हल्ली गावोगावी ग्रामपंचायतीचे आवार, शाळेचे प्रांगण, साखर कारखान्याचे प्रवेशद्वार आणि नव्या घराचे अंगण या ठिकाणी ताडवर्गीय शोभेची झाडे लावण्याची प्रथा वाढली आहे. ही आवड स्वागतार्ह आहे. तथापि रोपवाटिकेतून आणलेले रोप नेमके कोणत्या जातीचे आहे, याची चौकशी फारच थोडे लोक करतात. हापूस की रायवळ हे विचारल्यावाचून आंब्याचे कलम न घेणारा बागाईतदारही 'पाम द्या' एवढे म्हणून दोन-चार रोपे गाडीत टाकतो. ही उदासीनता पुढे महागात पडते.

इतर झाडांच्या बाबतीत अशी चूक सुधारता येते. वड, गुलमोहर किंवा कडुनिंब वाढून विजेच्या तारांना लागला, तर त्याच्या फांद्या छाटता येतात. खालच्या डोळ्यांतून नवी फूट येते. एकखोडी ताडाला ती सोय नाही. त्याची सारी वाढ शेंड्यातील एकाच कोंबातून होते. सोंड्या भुंग्याने कोंब पोखरला की नारळाचे झाड जाते, हे कोकणातील प्रत्येक बागाईतदार जाणतो. शोभेच्या ताडाचा शेंडा करवतीने उडविला तरी परिणाम तोच होतो. म्हणून ताडाची उंची त्याची जात निवडतानाच ठरते, नंतर नव्हे.

सर्वांत मोठा घोटाळा 'बॉटल पाम' या नावाचा आहे. या नावाने पुष्कळदा रॉयल पामची रोपे विकली जातात. कारण लहानपणी रॉयल पामचा बुंधाही फुगीर दिसतो. प्रत्यक्षात दोहोंत मोठे अंतर आहे. रॉयल पाम, म्हणजे रॉयस्टोनिया रेजिया, हा क्यूबा व त्या परिसरातील वृक्ष असून तो २० ते २५ मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढा वाढतो. खरा बॉटल पाम, हायोफोर्बे लॅजेनिकॉलिस, हा मॉरिशसजवळील राउंड बेटाचा रहिवासी. त्याची वाढ अतिशय मंद असते व तो बहुधा तीन-चार मीटरांवर थांबतो. गावातील विजेचे खांब सामान्यतः आठ-नऊ मीटरांचे असतात. तारांखाली बॉटल पाम सुखाने नांदेल. रॉयल पाम मात्र काही वर्षांनी तोडावाच लागेल. शिवाय रॉयल पामची तीन-चार मीटर लांबीची जड झावळी आपोआप गळून पडते. मुलांच्या खेळण्याच्या जागी किंवा कौलारू छपराशेजारी ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

या दोघांची पारख कठीण नाही. बॉटल पामच्या माथ्यावर चार ते आठच पाने असतात आणि त्यांच्या पाती दोन्ही बाजूंनी वर उचललेल्या असतात. कोवळ्या रोपाच्या देठावर तांबूस-नारिंगी झाक असते. रॉयल पामच्या माथ्यावर सुमारे पंधरा पाने असतात आणि वाढत्या वयात पाती निरनिराळ्या दिशांना वळून पान पिसाऱ्यासारखे दिसते. लहान रोपात मात्र ही खूण शोधू नये. फुलोऱ्याच्या वेळी बॉटल पामच्या विरीखाली शिंगांसारख्या अनेक पोयी दिसतात, तर रॉयल पामला एक-दोनच लांबट पोयी येतात. बॉटल पामचे भावंड असलेला स्पिंडल पाम, हायोफोर्बे वर्शाफेल्टी, हा रॉड्रिग्स बेटाचा. त्याचे खोड तळाशी न फुगता चातीप्रमाणे मध्यभागी फुगते. ही दोन भावंडे शेजारी वाढल्यास त्यांचा संकर होतो. ताडांची रोपे बहुतांशी बियांपासून केली जात असल्यामुळे, बी कोणत्या झाडाचे आहे याची नोंद ठेवणे रोपवाटिकेचे कर्तव्यच ठरते.

दुसरा घोटाळा 'अरेका पाम' या नावाचा. वनस्पतिशास्त्रात अरेका कटेचू म्हणजे आपली पोफळ, श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची जननी. कुंडीत मिळणारा अरेका पाम मादागास्करचा असून त्याचे नाव क्रिसॅलिडोकार्पस ल्युटेसेन्स असे आहे. मध्यंतरी अनेक वर्षे तो डिप्सिस या कुळनावाने ओळखला जाई व २०२२ साली त्याला जुने नाव परत मिळाले. पोफळ एका सडपातळ खोडाची, तर हा बेटाने वाढणारा. त्याचे देठ निसर्गतःच पिवळे असतात. पोफळीवरील रोगांची माहिती वाचून कोणी या पिवळेपणावर औषधे फवारू लागला, तर पैसा व श्रम दोन्ही वाया जातात.

तिसरी जोडी माशाच्या शेपटीसारख्या पानांची. सह्याद्रीतील आपला भेरली माड, कॅरिओटा युरेन्स, एकखोडी व उंच असतो. शेंड्याकडून खाली क्रमाने फुलून झाला की तो वाळतो. कॅरिओटा मायटिस हा बेटाने वाढतो. त्याचे फुललेले खोड मरते, पण बेट टिकते. कायम आडोसा हवा असेल तेथे दुसराच योग्य. दोहोंच्या फळांनी अंगाला खाज सुटते, म्हणून बालवाडीच्या आवारात दोन्ही नकोत.

सायकसला 'सॅगो पाम' म्हणतात, पण तो ताड नव्हेच. तो विषारी असून त्याच्या बिया विशेष घातक असतात. त्याची छाटलेली पाने ताडाची झावळी समजून गुरांपुढे टाकणे धोक्याचे आहे.

रोपवाटिकाचालक म्हणतात की गिऱ्हाईक रूप आणि किंमत पाहते, शास्त्रीय नाव कोणी विचारीत नाही. हे खरे असले तरी पुरेसे नाही. गिऱ्हाईक विचारीत नाही, कारण विचारावे असे त्याला कोणी सांगितलेले नाही. प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी असावी व तीवर देवनागरीत शास्त्रीय नाव, एकखोडी की बेटाने वाढणारा, पूर्ण वाढीची उंची आणि विषारी असल्यास तशी सूचना, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. त्याचा खर्च नगण्य आहे. शासकीय रोपवाटिकांनी यात पुढाकार घ्यावा आणि ग्रामपंचायती व शाळांनी चिठ्ठीवाचून रोप स्वीकारू नये. रोप लावताना विचारलेला एक प्रश्न, वीस वर्षांनी वाढलेल्या झाडाच्या बुंध्यावर चालणारी कुऱ्हाड वाचवू शकतो.