होडीतून दिसणारा डोंगर

नॉर्वेतील गैरांगर फ्योर्ड मराठी प्रवासवर्णनात आला की पुढचा मजकूर बहुधा ओळखता येतो. जहाज अरुंद पाण्यात शिरते, दोन्ही बाजूंचे कडे अंगावर येतात, ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा दिसतो, लेखक निःशब्द होतो आणि आपण निःशब्द झालो हे दोन पाने सांगत राहतो. यात खोटे काही नाही. २००५ साली हा फ्योर्ड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तो त्या योग्यतेचा आहेच. माझी तक्रार आहे ती लेखकाने पाहण्यासाठी निवडलेल्या जागेविषयी.

त्याच कड्यांवर, धबधब्यांच्या शेजारी, काही जुनी शेतघरे आहेत. त्यांतील क्निव्सफ्लो हे घर, वरचा खडक सुटेल या भीतीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांनी सोडले. ती भीती अनाठायी नव्हती. जवळच्या ताफ्योर्डमध्ये १९३४ साली डोंगराचा कडा पाण्यात कोसळला आणि उसळलेल्या लाटेने काठावरची ४० माणसे नेली. होडीतून मात्र ती घरे ‘चित्रातल्यासारखी’ दिसतात. माणसे निघून गेल्यामुळेच घर चित्र झाले आहे, हे होडीतून कळत नाही.

यासाठी नॉर्वेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बामणोलीहून वासोट्याला जाणारी लाँच शिवसागराच्या पाण्यातून जाते तेव्हा सह्याद्रीचे उतार दोन्ही बाजूंनी तसेच पाण्यात उतरलेले असतात आणि पावसाळा सरताना त्यांवरून ओहळ कोसळत असतात. फरक इतकाच, की फ्योर्डची दरी हिमनदीने कोरली आणि समुद्राने भरली; कोयनेची दरी १९६०च्या दशकात धरणाने भरली. त्या पाण्याखाली गावे आहेत, त्यांची शेते आणि देवळे आहेत. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचले. तरीही ‘मिनी काश्मीर’ हा शब्द आपल्या लेखणीला ‘बुडीत’ या शब्दाच्या आधी सुचतो. या ठिकाणी उपमा पाहण्याला मदत करीत नाही, उलट पाहण्याची जबाबदारी टाळू देते.

हे सारे मनात आले ते दरेकसा स्थानकावरून गाडी जात असताना. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील हे गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. बोगदा, दाट जंगल, पावसाळ्यात हाजरा फॉलचा पांढरा पट्टा, आणि मग डोंगरगढ. आगगाडीची खिडकी हीसुद्धा एक होडीच आहे. मीही या मार्गाने अनेकदा गेलो, आणि बरीच वर्षे दरेकसा माझ्यासाठी दोन मिनिटांचे हिरवे दृश्य होते. बाहेरच्या मराठी वाचकाला हे नाव भेटले ते एक तर सहलीच्या जाहिरातीत किंवा वर्षानुवर्षे एका नक्षलवादी ‘दलम’च्या बातमीत.

पण याच डोंगरात कचारगडची गुहा आहे. कोया पुनेमच्या परंपरेनुसार कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली आणि पारी कुपार लिंगोच्या प्रयत्नाने मुक्त झाली. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाज येथे लोटतो. म्हणजे ज्या दरीला आपण ‘दुर्गम’ म्हणतो, ती लक्षावधी माणसांच्या कथेत जगाच्या मध्यभागी आहे. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही परंपरा ग्रंथबद्ध केली, तीही मुख्यतः हिंदीत. ‘दुर्गम’ हा शब्द कोणाच्या घरापासून मोजला जातो, हे आपण मराठीच्या वर्गात विद्यार्थ्यांना कधी विचारले आहे का?

साहित्य म्हणजे जनगणना नव्हे, वाटसरूलाही पाहण्याचा आणि लिहिण्याचा हक्क आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला मान्य आहे. क्षणिक दर्शनातूनही उत्तम गद्य जन्मते. पण वाटसरूने आपण वाटसरू आहोत हे वाक्यात राहू द्यावे. दोन मिनिटांच्या दृश्याला प्रदेशाचे सत्य म्हणू नये.

दुसरी वाट आपल्याच भाषेत, याच जिल्ह्यात पडलेली आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. तळ्याकाठच्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची आणि झाडांची नावे शिकून घेतली. ‘नवेगावबांधचे दिवस’ या शीर्षकातला महत्त्वाचा शब्द ‘दिवस’ आहे. तेथे तळे दिसते तसे तळ्याचे ऋतू, त्यावर जगणारे लोक आणि त्यांची बोलीही दिसते. २०२५ साली चितमपल्ली गेले. त्यांच्यामागे आपण पुष्कळ गौरव लिहिला. त्यांचे राहणे मात्र फारसे कोणी उचलले नाही.

प्रवासवर्णन शिकवताना मी आता विद्यार्थ्यांना एकच प्रश्न घालतो: लेखक कोठे उभा आहे, आणि तो खाली उतरला का? दरेकशाला पॅसेंजर गाडी थांबते. उतरता येते.