कुदळीचा दांडा जूनमध्येच का निखळतो?

शिक्षक बंधू-भगिनींनो, सध्या तुमची कंबर कशी आहे? गमतीने विचारत नाही. जूनचा दुसरा पंधरवडा आणि जुलैचा पहिला आठवडा म्हणजे आपल्याकडे नुसती धावपळ. प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, गणवेश, ऑनलाइन भरायची माहिती. आणि त्याच दिवसांत परसबागेचे वाफे, भोपळ्या-दोडक्याची आळी, शिवाय १ ते ७ जुलैचा वनमहोत्सव. काळ्या मातीचं तर तुम्हाला माहीतच आहे. पावसाआधी दगड, झड लागली की चिखल, मधले मोजके दिवस काय ते खोदण्याजोगे. काम पुढे ढकलता येत नाही. नेमकी तेव्हाच कुदळ दांड्यातून निसटते, पाण्याचा पाईप भेगाळलेला निघतो आणि कुणाच्या तरी पाठीत उसण भरते.

याला आपण 'नेमकं वेळेलाच' म्हणून सोडून देतो. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं की ही दुखणी आणि ही मोडतोड दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, आणि दोन्ही जूनमध्ये सुरू होत नाहीत. त्या उन्हाळ्यात सुरू होतात, शाळेला कुलूप असताना.

दांड्याचंच बघा. लाकूड उन्हाने वाळतं आणि आकसतं. मार्चमध्ये घट्ट बसलेला दांडा जूनपर्यंत सैल झालेला असतो. मग आपण कुदळ रात्रभर बादलीत बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, सकाळी दांडा पक्का वाटतो. दोन दिवस ऊन पडलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. खरा इलाज पाचर ठोकण्याचा. वरच्या वर्गाला 'साधी यंत्रे' शिकवताना आपण फळ्यावर तरफ काढतो, पाचर काढतो. शाळेच्या कुदळीत मात्र पाचर नसते! सैल दांड्याची कुदळ चालवणारा माणूस ती निसटू नये म्हणून मूठ आवळून धरतो. हाताला फोड येतात ते त्यामुळेच.

खुरप्याचंही तेच. बोथट खुरपं गवत कापत नाही, ओढतं. जिथे एका झटक्यात काम व्हावं तिथे तीन-चारदा जोर लावावा लागतो. मनगट दुखतं, खांदा भरून येतो, आणि तासाभराचं काम दोन तास वाकून करावं लागतं. संध्याकाळी आपण 'वय झालं बुवा' म्हणत कंबरेला मलम चोळतो. अहो, तिशीत-पस्तिशीत कसलं वय? खुरपं पाजवलेलं नव्हतं, एवढंच.

बरं, जूनमध्ये ते पाजवायला न्यावं तर लोहाराकडे अख्ख्या गावाचे फाळ, कोळप्याच्या पासा, विळे पडलेले असतात. शाळेची दोन खुरपी तो आधी का घेईल? त्याचंही बरोबर आहे, त्याच्या कमाईचे तेच दिवस. तोच लोहार एप्रिलमध्ये त्या मानाने निवांत असतो. काही गावांत उन्हाळ्यात घिसाडी कुटुंबं पाल टाकून राहतात. तेव्हा नेलं तर खुरपी उभ्या-उभ्या पाजवून मिळतात.

पाण्याचा भाग मला जास्त खुपतो, कारण त्यात पोरं येतात. पेरणी झाल्यावर पावसाने ओढ दिली आणि पाईप फुटका असला की बादल्या निघतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपणच शिकवतो. दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे दहा किलो. तीस किलो वजनाचं पोर आपल्या वजनाचा तिसरा हिस्सा एका हातात धरून, एका बाजूला कलून चालतं. त्यापेक्षा दोन्ही हातांत पाच-पाच लिटर बरे. सगळ्यात बरं म्हणजे पाईप दुरुस्त असणं. एखादे वडील म्हणतात, "गुरुजी, पोरं शिकायला धाडली, माती उपसायला नाही." त्यांना आपण श्रमप्रतिष्ठेवर भाषण देतो. पण मोठ्या माणसाची कुदळ पाचवीच्या मुलाच्या हातात असेल तर ते वडील बरोबर आहेत. मुलांनी बी टोकावं, दोरी धरून वाफे मोजावेत, हलक्या खुरप्याने तण काढावं. खोदकाम मोठ्यांचं. आणि गंजलेल्या पात्याने कापलं तर 'काही होत नाही' म्हणून माती लावू देऊ नका. जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या लसीचं आरोग्य केंद्रात विचारा. दहा वर्षांच्या मुलांना ती लस नियमित लसीकरणात असते, कुणाची राहिली आहे हे वर्गशिक्षकाला माहीत हवं.

आणखी एक कंबर आपण मोजतच नाही. आहार शिजवणाऱ्या ताई. सकाळी मोठी पातेली उचलायची, दुपारी परसबागेला पाणी घालायचं. परसबागेच्या फोटोत त्या दिसतात का, बघा एकदा.

आता पैशाचं. डेडस्टॉक रजिस्टरला 'कुदळ १, खुरपी ४, झारी २' अशी नोंद असते. तपासणीत आकडा जुळला की झालं. दांडा हलतो का, हे कुणी विचारत नाही. पुठ्ठ्याचा तक्ता शैक्षणिक साहित्य म्हणून कपाटात जपतो आणि ज्या खुरप्याने मुलं खरंच काही शिकतात ते शौचालयामागे गंजत पडतं. संयुक्त शाळा अनुदानातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. तसाच एक छोटा वाटा अवजारांच्या दुरुस्तीला ठेवायचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत मांडायला काय हरकत आहे? पाचर, धार, एक-दोन नवे दांडे, पाईपचे जोड. खर्च फार नाही, पण तो एप्रिलमध्ये व्हायला हवा. एक-दोन खुरप्यांना लांब दांडे बसवले तर ज्यांना वाकता येत नाही त्यांनाही उभ्याने तण काढता येईल.

यंदाचा हंगाम तर आता अंगावरच आहे. निदान एवढं करा: एका जागी वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वाकू नका, कामं आलटून-पालटून घ्या. काम संपलं की पात्यांची माती धुवून, पुसून, तेलाचा हात फिरवून अवजारं भिंतीला टांगा. आणि वार्षिक नियोजनाच्या वहीत एप्रिलच्या पानावर आजच लिहून ठेवा: लोहार, पाचरी, पाईप.